परवान्यावरची काडतुसं: किती वर्षं ठेवायची, केव्हा बदलायची?

शिवारकर

नमस्कार मंडळी. वस्तीवर राहणाऱ्या परवानाधारकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, पण मराठीत त्यावर सलग काही वाचायला मिळत नाही. म्हणून धागा काढतोय.

आमची वस्ती गावापासून लांब आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर एक बारा बोरची दुनळी आणि कानपूरचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर आहे. आजूबाजूला अनेकांकडे अशीच हत्यारं आहेत, आणि सगळ्यांची सवय एकच: परवाना मिळाला की काडतुसांचा एक डबा घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि नूतनीकरणाच्या वेळी मोजून दाखवायचा. संख्या भरली की काम झालं. ती काडतुसं उडतात का, हे कुणी विचारत नाही. कागद बरोबर असतो, पण मध्यरात्री दार वाजल्यावर कागदाचा उपयोग नसतो.

माझं मत स्पष्ट आहे. जीव वाचवायला ठेवलेलं काडतूस कायम फिरतं असलं पाहिजे. दरवर्षी जुन्यातली काही नेमबाजीच्या रेंजवर उडवायची, तेवढीच नवी आणायची. जाणकारांनी सांगावं: काडतूस खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या हवेत ते किती टिकतं? आणि किती वर्षांनी बदलावं?

दुनळी_दादा

शिवारकर, मी उलट बाजूने बोलतो. आमच्या थोरल्या काकांनी १९८० च्या सुमारास घेतलेली खडकीच्या कारखान्यातली काडतुसं त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आली. रेंजवर नेली, एकूण एक उडाली. दारू म्हणजे काही दूध नाही नासायला. दरवर्षी बदलायची म्हणजे पैशाचा धूर. शहरातल्या दुकानात माल असतोच असंही नाही. कोरड्या जागी ठेवा आणि निर्धास्त राहा.

रसायन_मास्तर

दादा, काकांची काडतुसं उडाली यात नवल नाही. पण दारू नासते. फक्त सावकाश नासते, आणि केव्हा नासेल ते तिला कसं ठेवलं यावर ठरतं.

आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. हा पदार्थ तयार झाल्या दिवसापासून कणाकणाने विघटित होत असतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतात, आणि ते आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं. ही साखळी तोडायला कारखान्यातच दारूत स्थिरक घालतात. डायफिनाइलअमाइन हा नेहमीचा, साधारण एक टक्क्याच्या आसपास. सुटलेली ऑक्साइडं तो स्वतःत अडकवून घेतो. म्हणजे काडतुसाचं आयुष्य हे खरं तर त्या स्थिरकाचं आयुष्य. तो शिल्लक आहे तोवर दारू ठीक. तो संपला की घसरण वेगाने होते.

हे कळायला जगाने मोठी किंमत मोजली आहे. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने तयार केली. सुरुवातीच्या त्या दारूला आजच्यासारखं भरवशाचं स्थिरक नव्हतं. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबेर्ते' या फ्रेंच युद्धनौका आपल्याच कोठारातल्या बिघडलेल्या दारूमुळे फुटल्या. शेकडो खलाशी गेले.

तुमच्या कपाटातल्या डब्याचं असं काही होणार नाही, घाबरू नका. प्रमाण लहान आहे आणि दारू स्थिर केलेली आहे. मात्र उष्णतेचा हिशेब लक्षात ठेवा: दर दहा अंशांनी विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो, कधी त्याहूनही जास्त. पंचवीस अंशांना ठेवलेलं आणि पंचेचाळीस अंशांना ठेवलेलं काडतूस कागदोपत्री एकाच वयाचं असलं तरी त्यांच्या आतलं वय वेगळं असतं.

वऱ्हाडी_ऊन

मास्तर, मंग आमच्या इकडचं काय म्हणता? मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडं बाहेरच पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या छताखाली लोखंडी पेटी, त्यात काडतुसं. त्या पेटीला दुपारी हात लावून पाहा बाप्पा!

रसायन_मास्तर

म्हणूनच माळ्यावर आणि पत्र्याखाली नको. घरातली सगळ्यात थंड खोली शोधा. जुन्या मातीच्या घरात मधल्या खोलीतली आतली भिंत, सिमेंटच्या घरात तळमजल्याची पश्चिमेचं ऊन न लागणारी बाजू. दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतार जितका कमी तितकं चांगलं, कारण चढउतारामुळे डब्यात दव धरतं. उन्हात तापलेलं काडतूस लगेच उडवलं तर दाबही नेहमीपेक्षा जास्त येतो, हेही ध्यानात असू द्या.

बांद्यापल्याड

कोकणातून लिहितोय. आमचा शत्रू ऊन नाही, पाऊस. जुन्या कागदी नळीच्या काडतुसांची दशा विचारू नका. जूनमध्ये चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) सरकन जाणारं काडतूस ऑगस्टमध्ये फुगून अर्ध्यावर अडतं. माणसं मग अंगठ्याने रेटतात. ते कधीच करू नये. प्लॅस्टिकच्या नळीची आल्यापासून फुगणं थांबलं, पण बुडाची पितळी वाटी आणि टोपी (घोडा आदळल्यावर दारू पेटवते ती) दमट हवेत तशाच सापडतात.

आमच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत. तिथली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती मास्तर म्हणतात तशी आतून सडत नाही. सुकी ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण ओल धरली की फुसका बार. म्हणून जाणती माणसं पावसात बंदूक भरून खुंटीला ठेवत नाहीत. भरलेली बंदूक घरात असणं हा आणखी मोठा धोका, तो वेगळाच.

निवृत्त_सुभेदार

सगळं वाचलं. चांगली चर्चा आहे.

फौजेत दारूगोळ्याचा हिशेब नगावर नाही, लॉटवर चालतो. एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट. पेटीवर लॉट नंबर आणि वर्ष असतं, तक्रार आली की पूर्ण लॉट बाजूला निघतो. सराव फायरिंगला जुना लॉट आधी निघतो. हीच शिस्त घरी आणा. लष्करी काडतुसाच्या बुडावर 'केएफ' म्हणजे खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा. 'ओएफव्ही' म्हणजे भुसावळजवळचं वरणगाव. शेजारी वर्षाचे आकडे असतात. आपल्या नागरी काडतुसांत तारीख बहुधा खोक्यावर असते. म्हणून खोकं फेकू नका! लोक खोकं फेकतात, काडतुसं बरणीत ओततात, आणि मग कुठलं कधीचं ते देवालाच माहीत.

आता तपासणी. सहा महिन्यांनी एकदा, दिवसाउजेडी, बंदूक दूर ठेवून, काडतुसं फडक्यावर मांडायची. टोपी बाहेर आलेली किंवा खोल गेलेली आहे का? पितळ नुसतं काळवंडलं असेल तर फिकीर नाही. हिरवं झालं असेल आणि पुसल्यावर खाली खड्डे दिसत असतील तर ते काडतूस बाद. तोंडाशी बारीक चीर, बाद. गोळी हाताने हलते, बाद. छऱ्यांच्या काडतुसाच्या तोंडाची घडी उघडलीय, बाद. बाद म्हणजे वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून. "असू दे, सरावाला चालेल" असं म्हणायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे. घोडा पडला आणि आवाजच झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान तीस सेकंद थांबा, मिनिटभर थांबलात तर उत्तम. टोपी उशिरा पेटू शकते. पण आवाज कमी आला, धक्का नेहमीसारखा लागला नाही, तर एकदम थांबा. बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार बघा. दारू मंद पेटली की गोळी किंवा गट्टू (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) नळीतच अडकून बसतो. त्यावर दुसरा बार टाकला की नळी फाटते. जुन्या काडतुसाचा खरा धोका हा आहे. अजिबात न उडणारं काडतूस तुम्हाला निराधार सोडतं. अर्धवट उडणारं हात घेऊन जातं.

दुनळी_दादा

सुभेदार साहेब, शेवटच्या परिच्छेदाला सलाम. मात्र माझा मुद्दा उभाच आहे. दुसऱ्या महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री रायफलची काडतुसं आजही उडतात असं तुम्हीच मागे एका धाग्यावर लिहिलं होतं.

निवृत्त_सुभेदार

लिहिलं होतं, आणि खरं आहे. पण दादा, ती काडतुसं सीलबंद पेट्यांत, कोठारात होती. तुमच्या-आमच्या कपाटात शेजारी ओले कपडे असतात. शिवाय युद्धातल्या बऱ्याच काडतुसांच्या टोप्यांत क्लोरेट असायचं. त्याचं मीठ नळीत राहतं आणि हवेतला ओलावा ओढून एका रात्रीत गंज चढवतं. तेलाने ते निघत नाही, आधी गरम पाण्यानेच धुवावं लागतं. उडणं आणि भरवसा ठेवण्याजोगं असणं यांत अंतर आहे.

तांबट_आळी

माझा व्यवसाय धातूचा, म्हणून एक गोष्ट सांगतो. ती आपल्याच देशातली आहे आणि शेतकऱ्यांनी जरूर वाचावी.

इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या घोडदळाच्या पलटणींत एक विचित्र तक्रार यायची. पावसाळ्यात काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप चिरायच्या. कुणी हात न लावता, पेटीतल्या पेटीत. पावसाळ्यात घडतं म्हणून इंग्रजीत त्याला नावही 'ऋतूतली चीर' अशाच अर्थाचं पडलं. अनेक वर्षं कारण कळेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला. पावसाळ्यात काडतुसं कोरड्या तबेल्यांत ठेवत, आणि तबेल्यात घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. दमट हवा आणि अमोनिया मिळून पितळातल्या तांब्यावर हल्ला करतात. काडतुसाची नळी साच्यातून ओढून बनवतात, त्यामुळे तिच्या अंगात ताण भरलेला असतो. जिथे ताण तिथे चीर. आजच्या लष्करी काडतुसाच्या तोंडाजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते ना, ती तापवून ताण काढल्याची खूण आहे. त्या उपायाने चिरणं खूप कमी झालं, पण अमोनिया आजही पितळाचा वैरीच आहे.

तेव्हा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत काडतुसं नकोत. गोमूत्राचे ड्रम आणि युरियाची पोती ठेवता त्या खोलीत तर नकोतच. आणि पितळेची भांडी चकाकवायची जी द्रव पॉलिशं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच द्रवांत अमोनिया असतो. काडतूस घासून लख्ख करण्याचा मोह आवरा. कोरड्या सुती फडक्याने पुसलं की पुरे.

दुसरं, काडतुसांचा चामड्याचा पट्टा. खांद्यावर टाकून मिरवायला तो झकास दिसतो. पण चामडं कमावताना वापरलेली आम्लं पितळ कळकवतात. काही महिन्यांत खाचेच्या रेषेवर हिरवं मेण धरतं. पट्टा वापरायच्या वेळी वापरा, साठवणीला नाही.

काळी_माती

तांबट, आमच्या गावात निम्म्या घरांत लोखंडी कपाट आणि खताची पोती एकाच खोलीत असतात, कारण कुलूप असणारी खोली तेवढी एकच. तुमचा प्रतिसाद गावच्या ग्रुपवर टाकतोय.

अमेरिकेचा_वाटसरू

टेक्सासमधून. इथे उन्हाळा वऱ्हाडासारखाच असतो आणि लोक पिस्तूल गाडीत ठेवतात, त्यामुळे हा विषय रोजचा. इथले काही उत्पादक कोरड्या, थंड जागी दहा वर्षांपर्यंत कामगिरी घटत नाही असं सांगतात. पण जे काडतूस रोज अंगावर किंवा गाडीत असतं ते सहा महिन्यांत किंवा वर्षात उडवून टाकायचं, असा बऱ्याच जाणत्या लोकांचा रिवाज आहे.

एक मुद्दा वर आला नाही. पिस्तूलवाल्यांनी ऐका. रोज रात्री पिस्तूल भरायचं, सकाळी रिकामं करायचं, आणि दरवेळी तेच वरचं काडतूस चेंबरमध्ये जायचं. प्रत्येक वेळी गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आदळतं आणि गोळी हळूहळू काडतुसाच्या पितळी नळीत मागे दबते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. नवं काडतूस शेजारी उभं करून उंची ताडून पाहा. आखूड दिसलं तर ते परत भरू नका. रिव्हॉल्व्हरला हा त्रास नाही.

आणि तेल! हत्याराला लावायचं पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि टोपी मारतं. नळी-चेंबर साफ केल्यावर कोरडं पुसून मगच काडतूस भरा. तेलकट हाताने काडतुसं हाताळू नयेत.

शिवारकर

वाटसरू, तांबट, मनापासून आभार. आता खरी अडचण. तुम्ही टेक्सासमध्ये शनिवारी रेंजवर जाता. आम्ही जुनी काडतुसं उडवायची कुठे? शेतात बार काढला तर पाच मिनिटांत फोन जातो, आणि तो जायलाही हवा.

कलम_आणि_काळजी

वकिली करतो, म्हणून मी लिहितो. शेतात 'तपासायला' बार काढू नका. लग्नात, मिरवणुकीत तर मुळीच नाही. शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातल्या गोळीबाराला स्वतंत्र शिक्षा आली: इतरांचा जीव धोक्यात येईल अशा निष्काळजीपणाने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली.

मार्ग आहे तो मान्यताप्राप्त रायफल क्लबचा. जिल्हा रायफल असोसिएशनकडे चौकशी करा. स्वतःचं हत्यार आणि मोठा बोर प्रत्येक रेंजवर चालत नाही, म्हणून आधी लेखी विचारा. जाताना मूळ परवाना जवळ, हत्यार रिकामं आणि बंद पिशवीत, काडतुसं वेगळी. वापरलेल्या काडतुसांची तारीख आणि संख्या क्लबकडून लिहून घ्या आणि रिकाम्या पुंगळ्या जपा. नवी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी "जुनी कुठे गेली?" याचं उत्तर हातात असतं. दुकानदाराने परवान्यावर नोंद केल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.

आणि घरी काडतुसं पुन्हा भरण्याच्या फंदात पडू नका. दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे.

अनघा_पु

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. बाबांचं मागच्या वर्षी निधन झालं. त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. आता घर आवरताना ट्रंकेत एक पिशवी सापडली. काडतुसं आहेत, काही लाल, काही पिवळी, काही पितळी टोकदार. काही हिरवी पडलीत. भावाचं म्हणणं, नदीत टाकून मोकळे होऊ. मला ते पटत नाही, पण घरात ठेवायचीही भीती वाटते. काय करावं?

कलम_आणि_काळजी

अनघाताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं मन बरोबर सांगतंय. नदी, विहीर, कचरा, काहीही नको. दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर माग तुमच्या दारापर्यंत येतो.

शस्त्र कायद्याचं कलम २१ याचसाठी आहे. परवाना संपला किंवा धारक वारला की हत्यार आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. एक साधा अर्ज लिहा: वडिलांचं नाव, परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदूक कधी जमा केली, आणि घर आवरताना आज ही काडतुसं सापडली. मृत्यूचा दाखला आणि बंदूक जमा केल्याची पावती जोडा. पिशवी घेऊन एसटीने जाऊ नका. आधी ठाण्यात फोन करून सापडल्याचं कळवा, शक्यतो त्यांनाच येऊन न्यायची विनंती करा. मोजून, पंचनामा किंवा पोच घेऊनच द्या. उशीर मात्र करू नका, उद्याच कळवा.

निवृत्त_सुभेदार

बेटा, तोवर त्यांना हात कमी लावायचा. ट्रंकेला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. मुलं असतील तर ती खोलीच बंद. पुसायला, उघडायला, कापायला जाऊ नका. आपोआप काही होत नाही, निश्चिंत झोपा.

पिवळ्यांविषयी बाकीच्यांना सांगतो. पिवळी नळी म्हणजे बहुधा वीस बोर, बारा बोरपेक्षा बारीक. ती बारा बोरच्या चेंबरमध्ये पुढे सरकते आणि नळीत अडकते. बंदूक रिकामी वाटते. मागून बारा बोर भरलं की दोन्ही फुटतात. म्हणूनच वीस बोरला पिवळा रंग ठरवला गेला. एका डब्यात दोन बोरची काडतुसं कधीच ठेवायची नाहीत.

अनघा_पु

दोघांचे खूप आभार. उद्या सकाळीच फोन करते.

पुलगावकर

सुभेदार साहेब म्हणतात आपोआप काही होत नाही, पण आमच्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत ३०-३१ मे २०१६ च्या रात्री जे झालं ते आम्ही विसरलेलो नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं पोरंबाळं घेऊन घराबाहेर पळाली होती. अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी गेले.

निवृत्त_सुभेदार

पुलगावकर, त्यांना माझा सॅल्यूट. ती आग रणगाडाविरोधी सुरुंगांच्या कोठारात लागली होती. सुरुंगांमधून झिरपलेलं टीएनटी हे कारण चौकशीत पुढे आलं. सुरुंगात स्फोटक असतं. काडतुसात जळणारी दारू असते, तीही चिमूटभर. मोकळं काडतूस आगीत सापडलं तर पितळ फाटून तुकडे उडतात, डोळा जाऊ शकतो, पण ते नळीतून सुटलेल्या गोळीसारखं जात नाही. तरीही चूल, देवघरातली समई, गॅस सिलिंडर यांच्याजवळ काडतुसं नकोतच.

काळी_माती

निवडणुकीचा विषय कुणीच काढला नाही? २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या, आमची बंदूक वर्षात दोनदा ठाण्यात गेली. तिथल्या खोलीत काडतुसांचं काय होत असेल?

कलम_आणि_काळजी

आचारसंहितेत सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करायची असा नियम नाही. छाननी समिती ठरवते. ज्यांची जमा करायची त्यांना नोटीस येते. आली तर जमा करायची, वाद घालायचा नाही. खरंच जिवाला धोका असेल तर सूट मिळावी म्हणून वेळेत अर्ज करता येतो. पावतीवर काडतुसांची संख्या, बोर आणि लॉट नंबर लिहून घ्या. काडतुसं झाकणबंद हवाबंद डब्यात द्या, वर नाव लिहा. परत घेताना तिथेच उघडून मोजा.

याला जोडून आणखी एक. प्रवासाची बॅग. दर काही महिन्यांनी विमानतळावर कुणाच्या तरी बॅगेच्या कप्प्यात एखादं विसरलेलं काडतूस सापडतं. परवानाधारकाचा भाचा ती बॅग सहलीला घेऊन जातो आणि गुन्हा दाखल होतो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात १९७२ मध्येच सांगितलं आहे, त्यामुळे असे गुन्हे पुढे रद्दही होतात. पण तोवर विमान गेलेलं असतं आणि माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. मोजदाद ठेवणाऱ्याच्या घरी असं होत नाही.

वऱ्हाडी_ऊन

एक वेगळा प्रश्न. रानडुकरांसाठी ठेवलेली एल.जी. (मोठ्या छऱ्यांची काडतुसं) आणि घरासाठी ठेवलेली, असं वेगळं ठेवावं का?

बांद्यापल्याड

पहिली गोष्ट, डुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी आधी. ती नसेल तर वन्यजीव कायद्याखाली अडकाल. रानात नेलेली काडतुसं मात्र वेगळी ठेवाच. ती खिशात घामाने भिजतात, दवात ओली होतात, जमिनीवर पडतात. रानातून परत आलेलं काडतूस घरच्या डब्यात मिसळायचं नाही. तेच आधी वापरायचं.

दुनळी_दादा

सगळं वाचून एवढं मान्य करतो की 'काकांची उडाली' यावरून सगळ्यांची उडतील असं म्हणता येत नाही. पण दरवर्षी सगळी बदलायची हे लहान शेतकऱ्याला झेपणारं नाही, यावर मी ठाम आहे. आणि ज्यांच्याकडे आजोबांची विलायती दुनळी आहे त्यांनी नवी काडतुसं आणताना घाई करू नये. जुन्या कित्येक बंदुकांचं चेंबर अडीच इंची असतं, नवी काडतुसं पावणेतीन इंची येतात. ती आत बसतात, पण उडाल्यावर घडी उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर वेलबुट्टीसारखी नक्षी उमटलेली, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी असेल तर बिनधुराचं काडतूस घालूच नका. आधी चांगल्या कारागिराला दाखवा. नव्या काडतुसाने जुनी बंदूक फुटली तर ही फिरती ठेवण्याची शिस्त काय कामाची?

रसायन_मास्तर

दादा, हा सगळ्या धाग्यातला फार मोलाचा प्रतिसाद आहे.

शिवारकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. थंड, कोरड्या जागी, हवाबंद डब्यात दहा वर्षं हा हिशेब सहज धरता येतो. पत्र्याखाली, दमट किनाऱ्यावर किंवा अंगावर वागवलेल्या काडतुसाला तो लावू नका. सगळी एकदम बदलण्याची गरज नाही. डब्यातला पाचवा हिस्सा दरवर्षी उडवा, तेवढी नवी घ्या. पाच वर्षांत डबा आपोआप नवा होतो, परवान्याची मुदतही तेवढीच आहे. खर्च विभागला जातो, हाताला सराव राहतो, आणि उडवलेल्या पाचव्या हिश्शावरून उरलेल्यांची तब्येत कळते. त्यात एक जरी फुसकं निघालं तर त्या लॉटवर संरक्षणाचा भरवसा ठेवायचा नाही.

शिवारकर

मास्तर, पाचव्या हिश्शाचा हिशेब पटला आणि आमच्या वस्तीवर सगळ्यांना झेपेल असा आहे. मी तीन डबे करतोय: भरवशाची, सरावाची आणि बाद. प्रत्येकावर बोर, लॉट आणि खरेदीची तारीख. बंदूक वेगळ्या कुलपात, काडतुसं वेगळ्या. आमच्या भागातले परवानाधारक मिळून जिल्हा असोसिएशनला अर्ज देणार आहोत की वर्षातून एक दिवस आम्हाला रेंज द्यावी आणि सोबत एखादा प्रशिक्षकही. एकट्याने मागण्यापेक्षा वीस-पंचवीस जणांनी मागितलं तर ऐकतील. सुभेदार साहेब, त्या दिवशी तुम्ही याल का?

निवृत्त_सुभेदार

तारीख कळवा. येतो.

बांद्यापल्याड

शेवटी एक राहिलं. हवाबंद डबा पावसाळ्यात बंद करू नका, दमट हवाच आत कोंडाल. आम्ही जानेवारीत, कोरडी थंडी असताना भरतो. रबरी गॅस्केटचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या.

काळी_माती

सिलिका जेल ओलं झालं हे कसं कळतं?

बांद्यापल्याड

निळे दाणे गुलाबी होतात. पुडीतून काढून मंद आचेवर तव्यात परतले की पुन्हा निळे. काडतुसं त्या खोलीत नकोत तेवढ्या वेळात. आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.